अकरा घरांचे चिंचोके

वडशाच्या हेमराजशेठनं दुकानातलं प्लॅस्टिक बंद केलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मग त्यानं शक्कल लढवली. घरून पिशवी आणणाऱ्याला बिलासोबत एक चिंचोका मिळायचा, तो गल्ल्याजवळच्या दोन बरण्यांपैकी एकीत टाकायचा. एक बरणी म्हाताऱ्या नाटकवाल्यांच्या मदत मंडळाची, दुसरी बायनाबाईच्या गावच्या अभ्यासिकेची. महिनाअखेर जिचे चिंचोके जास्त, तिची नड शेठ भागवणार.

अभ्यासिकेची नड एकच होती, दाराशी सौरदिवा. तलावाच्या पाळीवर वाघ दिसल्यापासून गाव तिला दिवेलागणीलाच कुलूप घालत होतं. बायनाबाईची लेक खुशबू दिवसभर धान कापायची आणि संध्याकाळी तिथं बसून वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करायची. आता तीच संध्याकाळ गेली. घरी एकच खोली, त्यात टीव्ही आणि खोकणारा आजा. परीक्षा जानेवारीत. 

महिन्याचा शेवटचा दिवस बाजाराचा निघाला. बायनाबाई अकरा पिशव्या घेऊन आली. कापणीच्या दिवसांत अख्खं गाव बाजाराला येत नाही. एकजण येतो आणि सगळ्यांचं नेतो. पिशव्यांची अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घराचा वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. सामान भरून झालं आणि हेमराजनं तिच्या हातावर एक चिंचोका ठेवला.

"एकच काऊन, भाऊ? पिशव्या अकरा हायेत."

"एका गिऱ्हाइकाले एक, बाई. पाटीवर लिवलं हाय."

"घरं अकरा हायेत. हे दोरे पाहा."

"मी दोरे पाहत बसलो, तं दुकान कोण पाहीन?"

"मंग सामान उतरवा," बायनाबाई म्हणाली. "ते बिल फाडा. पयलं सोमारीच्या घरचं करा."

तिनं सोमारीचं सामान घेतलं, चिंचोका बरणीत टाकला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मग दुसऱ्या घरचं. मग तिसऱ्या. बाजाराचा दिवस, रांग रस्त्यापर्यंत. कुणी म्हणालं, बाई घरदार इथंच थाटते का काय. चौथ्या खेपेला हेमराजनं कपाळाला हात लावला आणि मूठभर चिंचोके पुढं केले.

"घ्या माय, सगळेच घ्या. पण रांग सोडा."

"मुठीनं द्याल तं तुमची मेहरबानी होते, भाऊ. मले मेहरबानी नाई पायजे. मी उभी राह्यते."

आणि ती उभी राहिली. पाय भरून आले, गावाकडं जाणारी चारची जीप हॉर्न मारून निघून गेली, तिनं मान वळवली नाही. हट्टच तो, पण काही कामं हट्टाशिवाय होत नाहीत.

अकरावा चिंचोका पडला तेव्हा गर्दी पांगली होती. हेमराजनं एकेक बरणी सुपात ओतून मोजली. मंडळाचे म्हातारे नट नानाजी शेजारी बसून बघत होते. दोन्हीकडं दोनशे सहा.

"बरोबरी," हेमराज म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात पाहू."

 पुढच्या महिन्यात म्हणजे परीक्षा दारात. बायनाबाई पिशव्या उचलायला वाकली आणि तिला आठवलं, या अकरांत तिचं घरच नव्हतं. गावाची यादी पाठ केली आणि स्वतःची चूल विसरली! पिशवीही घरीच राहिली होती.

ती परत वळली. "पाव किलो चणाडाळ द्या."

"पिशवी?"

बायनाबाईनं पदर पसरला. "हा घरूनच आणला हाय. नेसून आली मी."

हेमराजनं नानाजींकडं पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहता, शेठ?" नानाजी म्हणाले. "डाळ मोजा."

हेमराजनं डाळ तोलून पदरात ओतली आणि चिंचोका तिच्या हातात दिला. तिनं तो अभ्यासिकेच्या रिकाम्या बरणीत टाकला, पदराला घट्ट गाठ मारली आणि म्हणाली, "दिवा उद्याच पाठवा, भाऊ. पोरीचे लई दिवस वाया गेले."