धाकट्याच्या मापाची कमान

डॉक्टर हेल्मेट घालून सीटवर बसले, पट्टे आवळून घेतले आणि मान डावीकडे कलती ठेवून म्हणाले, "झकास झालंय."

"सरळ बसा," ताई म्हणाली.

"सरळच बसलोय की."

"डॉक्टर, असं वाकडं तोंड करून तुमच्यापुढे पेशंट बसतात," लेथवाले काका म्हणाले. "तुम्ही मान वर करा."

डॉक्टरांनी मान सरळ केली. टक्‌ असा आवाज झाला. हेल्मेट वरच्या नळीला टेकलं होतं. ताईने बोटं घालून पाहिली. मध्ये चार बोटांची जागा हवी होती, तिथे एक बोटही जाईना.

डॉक्टर दाताचे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना रस्ता सोडून गाडी पळवायची हौस जडली होती. दगडगोटे, वाळू, कोरडे ओढे अशा मैदानातल्या शर्यतींसाठी त्यांनी ताईकडे गाडी करायला टाकली होती. अशी गाडी बाजारात तयार मिळत नाही. नळ्या वाकवून सांगाडा करायचा, त्यात माणूस बसवायचा आणि त्याच्या भोवती पिंजरा उभा करायचा. गाडी उलटली तर माणूस वाचतो तो या पिंजऱ्यामुळे. चालकाच्या डोक्यामागून जाणारी मोठी कमान हा त्याचा कणा. ती एकाच अखंड नळीची असावी लागते. जोड दिसला की तपासणीवाले गाडी परत पाठवतात. म्हणजे आखूड झालेली कमान वाढवता येत नाही. कापून नवीन करावी लागते.

शर्यत सतरा दिवसांवर होती.

"तू तर आधी टाके, मग माणूस, मग वेल्डिंग अशी," काका म्हणाले. "नळ्या वेल्डिंगच्या नुसत्या बारीक टाक्यांवर उभ्या करायच्या, चालक बसवून बघायचा आणि मगच पक्क्या करायच्या. सतरा वर्षांत चुकलीस का कधी?"

"त्या गुरुवारी मला बसून बघायला येणं जमलं नाही," डॉक्टर पट्टे सोडत म्हणाले. "दोन दाढा काढायला आल्या होत्या. चूक माझी."

"तुमची मापं माझ्याकडे होती," ताई म्हणाली. "तुम्ही नसलात तरी चाललं असतं."

मापं होती हे खरं. बसल्यावरची उंची चौऱ्याण्णव सेंटिमीटर, खांदे, कोपरं, गुडघे, सगळं तिने स्वतः मोजून कागदावर उतरवलं होतं. कागद कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता, आजही होता. काकांनी तो वाचला. मग कमानीची उंची मोजली. मग नळी वाकवायच्या यंत्रापाशी जाऊन तिथे पडलेली लाकडी काठी उचलली. काठीवर करवतीने पाडलेल्या पाच खाचा होत्या. सर्वांत वरची शहाऐंशीवर होती.

"पोरी," काका म्हणाले, "ही धाकट्याची काठी."

ताईने वरच्या खाचेवर अंगठा ठेवला.

शेडमध्ये सगळेच तिला ताई म्हणत. पण त्या हाकेवर हक्क एकाचाच होता. तिचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना तिने त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि ही काठी केली होती. नऊ वर्षांत सहा गाड्या. ती करायची, तो चालवायचा. त्याला टाक्यांवर बसवून बघायची गरज कधी पडली नाही. काठी लावायची, खूण करायची, नळी वाकवायची. मग समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संघाने त्याला बोलावलं. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग वाढदिवसाला. तिने गाडीचा फोटो पाठवला की उत्तरादाखल नुसता अंगठा यायचा.

या चार वर्षांत तिने इतरांच्या पाच गाड्या केल्या होत्या, पाचही कागदावरून. ही सहावी मात्र धाकटा नेहमी मागायचा तशी होती. मागच्या चाकांना धरणारे दांडे लांब, इंजिन पाठीशी, दोन सीट. गुरुवारी तिने हात लांब केला आणि हाताला काठी लागली.

"त्याच्याच मापाची झालीय ना?" डॉक्टरांनी विचारलं. ते त्या धाकट्याच्या शर्यती बघून इथवर आलेले होते. "मग त्यालाच चालवू दे की. मी बाजूच्या सीटवर बसतो. नकाशा वाचतो. खरं सांगू का, मला वळणं घ्यायची भीतीच वाटते."

"दुसऱ्यांच्या दाढा उपटता आणि वळणाला भिता?" काका म्हणाले.

"तिथे मी खुर्चीबाहेर असतो, काका."

ताईने हात साबणाने धुतले. एरवी ती फोनसाठी हात धूत नसे. दुपारचे अडीच वाजले होते. तिने शेडच्या दारात उभं राहून फोन लावला.

"ताई? काय झालं?"

"काही व्हायलाच हवं का?"

"कामाच्या वेळेत तू मला फोन करतेस म्हणजे शेड तरी जळली असेल."

"शेड आहे जागेवर. सतरा दिवसांनी मोकळा आहेस का?"

तिने गाडीबद्दल सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारत होता. नळी कितीची? दीड इंची. चाक किती वर उचलतं? सांगितलं.

"आणि मागचे दांडे?"

"तुला हवे होते तेवढे."

"आडव्या नळीला कोपऱ्यात पट्टी दिलीस?"

"दिली. येतोस का ते बोल. कमान तुझ्या मापाची आहे. बसायचं आणि निघायचं."

"ताई, मी गाडी चालवत नाही आता."

तिने दाराची चौकट धरली.

"चौदा महिने झाले," तो म्हणाला. "मान गेली. मोडली नाही, पण पुन्हा हादरे नकोत म्हणाले. संघाने टायरांच्या गोदामात घेतलंय. माणसं चांगली आहेत. बसून बसून असा फुगलोय की त्या कमानीत माझे खांदे मावायचे नाहीत."

"चौदा महिने. आणि मला आज सांगतोस."

"तू फोटो पाठवायचीस ना. खाली लिहायचीस, कशी वाटते. मला वाटलं, सांगितलं तर पाठवायची थांबशील."

"अंगठा पाठवायचास नुसता."

"दुसरं काय लिहू? लिहायला बसलो असतो तर मी यायलाच निघालो असतो."

आत काकांनी काठी कुठे ठेवावी हे न कळून ती उभीच धरली होती. डॉक्टर आपण काही ऐकत नाही असं दाखवायला हेल्मेटची काच पुसत होते.

"मान दुखते?" ताईने विचारलं.

"थंडीत."

"उशी कसली वापरतोस?"

"ताई."

"बरं."

"आता त्या कमानीचं काय करणार?"

"कापणार. डॉक्टर चौऱ्याण्णवचे आहेत. आज कापली तर परवा नवी उभी राहते."

"कापून झाल्यावर तळ नीट घासून घे. वेल्डिंगची जुनी शिवण राहू देऊ नकोस."

"मला शिकव आता तू."

तो हसला. मग म्हणाला, "फोन बंद करू नकोस. चालू ठेवून काप."

"ग्राइंडरचं काय ऐकायचंय?"

"इथे गोदामात कुणी काही कापत नाही गं."

ताई आत आली. तिने काकांना मान हलवून नाही असं सांगितलं. काकांनी पुढे काही विचारलं नाही, ग्राइंडरची वायर सोडवून दिली. डॉक्टर बाजूला झाले. फोन कुठे ठेवावा म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तो चालकाच्या सीटवर ठेवला. ठिणग्या लागू नयेत म्हणून त्यावर चामडी हातमोजा पालथा घातला. चष्मा लावला.

कमान सहा ठिकाणी जोडलेली होती. पहिला काप मागच्या आधारावर घेतला. नळी सुटताना सांगाडा किंचित थरथरला. दुसरा काप समोरच्या बाजूला. वेल्डिंग चांगलं झालं होतं, चकतीला जड गेलं. दुसरा काप संपल्यावर तिने ग्राइंडर थांबवला आणि हातमोजा उचलून पाहिलं. पडद्यावर मिनिटं पुढे सरकत होती.

"आहेस?"

"आहे. चकती बदल, गुळगुळीत झालीय. आवाजावरून कळतंय."

तिने चकतीकडे पाहिलं. खरंच झिजली होती. काकांनी न सांगता नवी पुढे केली.

"किती राहिले?" त्याने विचारलं.

"चार."

"घाई करू नकोस."

तिने हातमोजा पुन्हा फोनवर ठेवला, नवी चकती आवळली आणि तिसरा काप एरवीपेक्षा बराच सावकाश घेतला.