नोंद न केलेली फाईल

अड्यारच्या सॉफ्टवेअर कचेरीत अन्नपूर्णाबाईंचा एक नियम कोणी मोडत नसे. ज्याने संगणकाला द्यायच्या आज्ञेत नवा पर्याय रचला, त्याने तो आधी स्वतःच्या कामावर चालवून दाखवायचा. आज चार वाजता नवी आवृत्ती बाहेर पडणार होती आणि तिच्यातला ‘ओन्ली’ हा पर्याय बाईंनी स्वतः रचला होता. प्रचंड प्रकल्पातले हवे तेवढेच फोल्डर संगणकावर ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे, एवढेच त्याचे काम. काढलेले सगळ्यांच्या सामायिक मूळ साठ्यातून केव्हाही परत आणता येत.

साडेतीनला रम्या त्यांच्या मेजापाशी येऊन उभी राहिली. तंजावरच्या नात्यागोत्यातली, म्हणून ती त्यांना मामी म्हणे.

“मामी, काढायच्या फोल्डरमध्ये साठ्यात नोंदच न केलेली नवी फाईल असेल तर?”

“राहते. लोकांचं काम पुसायला मी काय वेडी आहे?”

“बदललेली जुनी फाईल राहते. नवी पुसली जाते, असं वाटतं मला.”

“वाटतं?” बाईंनी चष्मा खाली घेतला. “तुझ्या आईला वाटत होतं, तू डॉक्टर होशील.”

व्यवस्थापक हरिप्रसाद मोठ्याने हसला. “पुढच्या आवृत्तीत बघू, रम्या. ग्राहक खोळंबलेत.”

रम्या हलली नाही. “नियम तुमचाच आहे, मामी. तुमच्या कामावर चालवा.”

बाईंनी आपल्या फोल्डरांची यादी उघडली. ‘मसुदे’ फोल्डरमध्ये त्यांचा तीन आठवड्यांचा आराखडा होता. अर्धवट काम साठ्यात देणे त्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून त्याची नोंद झालेली नव्हती. प्रत काढून ठेवावी, असे क्षणभर मनात आले. पण प्रत काढणे म्हणजे पोरीचे म्हणणे आधीच मान्य करणे.

त्यांनी ‘ओन्ली’पुढे ‘मसुदे’ वगळून बाकीच्या फोल्डरांची नावे टाइप केली आणि कळ दाबली.

काम पूर्ण, एवढेच पडद्यावर उमटले. बाईंनी आराखडा शोधला. पुन्हा शोधला. फोल्डरच उरले नव्हते.

“ऐय्यो!” हरिप्रसाद पुटपुटला. “बाई, माहितीपत्रकात सावधगिरीची एक ओळ घालू या का? वेळ आहे अजून.”

“ओळ?” बाई ताठ उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. “आवृत्ती थांबवा. ग्राहकांना मी कळवते, चूक माझी आहे म्हणून. आणि रम्या, नोंद नसलेली एक जरी फाईल दिसली, तरी आज्ञेनं काहीही न काढता थांबायचं आणि त्या फाईलचं नाव सांगायचं. हे तू लिही.”

“आणि तुमचा आराखडा, मामी?”

“अक्षर न् अक्षर आठवतो मला,” बाई म्हणाल्या. ते खरे नव्हते. त्यांनी फोन उचलला.