चेंडूवरची ताई

ताईने खुर्ची जिन्याखाली नेऊन टाकली आणि तिच्या जागी एक भलामोठा निळा चेंडू आणला. फुगवायचं काम अर्थात माझ्याकडे. शाळा सोडलेली माणसं मोकळीच असतात ना.

पाठ दुखायची तिची. चेंडूवर बसून काम केलं की पाठ आपोआप ताठ राहते, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, अगं, तुझी पाठ खुर्चीने नाही गेली, तुझ्या 'हो'ने गेली. घरून काम करते म्हणून साहेब कधीही काहीही गळ्यात मारतात. रविवारी बसशील का? हो. दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं करशील का? हो. माझ्याशी मात्र एका बादलीवरून तासभर भांडेल.

शेवटी तिने ठरवलं, आता रविवार बंद. मी साहेब झाले, तिने सराव केला. मला 'नाही' म्हणताना काय आवाज चढला होता बाईचा!

मग खरे साहेब स्क्रीनवर आले. मी दाराशी उभी. ते म्हणाले, पुढच्या महिन्यातले सगळे रविवार तूच सांभाळ. ताई म्हणाली, "सर, मी जरा बोलणार होते..." आणि तिथेच अडकली. घाबरली की ही चेंडूवर उड्या मारते. बारीक बारीक, तिला स्वतःलाही कळत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं डोकं वर-खाली, वर-खाली. बघणाऱ्याला वाटावं, मान डोलावतेय. साहेब खूश. म्हणाले, मग शनिवारची संध्याकाळही तुझ्याकडेच देतो. हिचं तोंड उघडं आणि डोकं चालूच!

माझं टाळकं सटकलं. रांगत टेबलाखाली घुसले, भिंतीला पाय लावले आणि चेंडूला दोन्ही हातांनी कवटाळलं. चेंडू थांबला. ताईने खाली पाहिलं. मी डोळे वटारले.

"तर ठरलं ना?" साहेबांनी विचारलं.

चेंडू एकदा दबला. मी सोडला नाही.

"नाही," ताई म्हणाली. "शनिवार-रविवार मला नाही जमणार."

"आत्ता तर मान हलवलीस."

"मी चेंडूवर बसलेय, सर."

मग कसला चेंडू, का चेंडू, ते सगळं तिला साहेबांना समजावून सांगावं लागलं. ते झाल्यावर साहेब म्हणाले, पण मग हे काम करणार कोण? आता ही 'बघते' म्हणणार, मला पक्कं ठाऊक. मी तिच्या पोटरीला जोरात चिमटा काढला.

"ते तुम्ही बघा, सर."

स्क्रीन बंद झाली. मला वाटलं, सुटलो दोघी. तर ही बसल्या बसल्या नखं खायला लागली.

"रागावले असतील का गं?"

"रागावू दे. तू ऊठ आधी, माझा हात अडकलाय."

ती उठली, पण फोन शोधायला. निदान अर्धा रविवार करते असं सांगून टाकते, म्हणाली. बिचारे एकटे काय काय बघणार.

बिचारे!

मी फोन तिच्या हातातून ओढला, मांडीखाली सारला आणि तिथेच फरशीवर बसले. एकदम ताठ.