भट्टीवरची लिबेला

प्रेमलतानं स्टुलावर चढून कपाटावरच्या पुस्तकाचा झेंडूचा हार उचलला, तोच मागून सासूबाईंचा आवाज आला.

"हार काहून काढून राहिली वं?"

"आई, हे पुस्तक आहे."

"मंग? मले का दिसत नाही?"

"पुस्तकाला कोणी हार घालते का? पानं ओली झाली सगळी."

"हार फोटोले घातला होता. पुस्तक मधात आलं त्याले मी काय करू?"

फोटो म्हणजे प्रेमलताच्या सात वर्षांच्या मोहितनं स्केचपेननं काढलेलं संत लिबेलाचं चित्र. हातात पाव, डोक्यामागं वाटी ठेवून गिरवलेलं तेजोवलय. रोमन बायकांचे कपडे मोहितला काढता येत नव्हते, म्हणून संत लिबेलानं त्याच्या शाळेचा युनिफॉर्म घातला होता, टायसकट. शेजारच्या प्रयागबाईनं त्या चित्राला चौकातून लॅमिनेशन करून आणलं होतं. हारही तिचाच.

प्रेमलता स्टुलावरून उतरत होती, तेवढ्यात फोन वाजला. फादर बेनी होते. मार्टिननगरच्या आपल्या पॅरिशमध्ये त्यांना केरळहून येऊन बरीच वर्षं झाली होती, पण फोनवर ते अजूनही परीक्षेला बसल्यासारखं मराठी बोलायचे.

"प्रेमलताजी, तुमच्या रितिकानं कन्फर्मेशनच्या विधीसाठी घेतलेल्या संताच्या नावाबद्दल विचारायचं होतं. संत लिबेलाचा सण कोणत्या तारखेला असतो?"

"का हो फादर?"

"बिशपसाहेब तेल लावताना प्रत्येक मुलाला त्यानं निवडलेल्या संताबद्दल एक प्रश्न विचारतात. मी म्हटलं, आपण आधी वाचून ठेवू. मी सगळी पुस्तकं पाहिली. गूगल पाहिलं. एर्नाकुलमला माझ्या सरांना फोन केला. लिबेला कुठंच नाही."

प्रेमलतानं सासूबाईंकडं पाहिलं. मार्थाबाई हार परत फोटोला घालत होत्या. त्याच स्टुलावर चढून, टाचा उंचावून.

"आणि प्रेमलताजी," फादरचा आवाज खाली गेला, "मागच्या रविवारी मिस्सामध्ये ते मी स्वतः वाचलं."

ते खरंच होतं. 'संत लिबेलाच्या मध्यस्थीनं गुडघे बरे झाल्याबद्दल आभार, मार्थाबाई' असं फादरनी माइकवरून वाचलं होतं, आणि अख्ख्या चर्चनं त्यावर आमेन म्हटलं होतं.

"पाहून सांगते फादर," प्रेमलता म्हणाली. पाहायची काही गरज नव्हती.

प्रेमलता शाळेत इतिहास शिकवायची, आणि पॅरिशच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातलं पुस्तकांचं कपाटही तिच्याच ताब्यात होतं. तिनं स्वतः वाचल्याशिवाय त्या कपाटात काय, घरातही एक पुस्तक शिरत नसे. त्यामुळं कपाट फार स्वच्छ होतं. जवळजवळ रिकामंच.

सगळ्यात जास्त त्रास ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. मराठीतली आणावी, तर पहिल्याच प्रकरणात गळ्यात क्रूस घातलेला फिरंगी एखादं गाव जाळायचा. मोहित विचारायचा, "मम्मी, हा आपल्यातला का त्यांच्यातला?" आणि उत्तर यायच्या आत सोफ्याला दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं वेढा घालून मोकळा व्हायचा. इंग्रजीतली आणावी, तर त्यात बर्फ, मेंढ्या आणि थंडीनं कुडकुडणारं अनाथ लेकरू. मे महिन्यात कूलरसमोर बसून ते वाचताना पोरांना त्या लेकराची दया यायची नाही, हेवा वाटायचा. आणि हुतात्म्यांच्या गोष्टींमध्ये लेखक मंडळी छळाची वर्णनं इतक्या आवडीनं करायची, की एकदा मोहितनं प्रयागबाईच्या नातवाला खांबाला बांधून 'धर्म सोड' म्हणून सांगितलं. तो नातू लगेच सोडतो म्हणाला. मोहितला ते अजिबात आवडलं नाही.

अशात तिला ही रोमची कादंबरी सापडली. लिबेला नावाची पोरगी बेकरीत भट्टीवर राबते आणि तुरुंगातल्या ख्रिस्ती लोकांसाठी पिठात पाव लपवून, दुखऱ्या गुडघ्यांनी रोज उंच जिना चढते. मारामारी नाही, मुके नाहीत, बर्फ नाही. प्रेमलतानं सगळं तपासलं. राजा बरोबर, रस्ते बरोबर, भट्टीसुद्धा बरोबर. "अजून एक संताची गोष्ट," म्हणून पोरांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "यातलं सगळं खरं आहे."

इथंच गोची झाली. रोम खरं, तुरुंग खरा, पण लिबेला लेखिकेनं मनानं बनवलेली. ऐतिहासिक कादंबरीत असं चालतं, हे प्रेमलता दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवायची. घरी सांगायचं राहून गेलं.

कूलर आजीच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून लावला होता, म्हणून रितिका तिथं बसून मोठ्यानं वाचायची. मार्थाबाई पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असायच्या. सासरे गेल्यापासून त्यांनी पलंग धरला होता. गुडघे उचलत नाहीत म्हणायच्या. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, गुडघे पाहिले आणि प्रेमलताच्या नवऱ्याला, विल्सनला, बाहेर नेऊन सांगितलं, "गुडघे वयाच्या मानानं चांगले आहेत. त्यांना चालायचंच नाही." विल्सन मिहानच्या वर्कशॉपमध्ये विमानांची दुरुस्ती करायचा. आईची कशी करायची, ते त्याला माहीत नव्हतं. फादर येऊन प्रार्थना करून गेले. बायका येऊन रोझरीची माळ जपून गेल्या. मार्थाबाई भिंतीकडंच पाहत राहिल्या.

आणि एका सकाळी प्रेमलता उठली, तर स्वयंपाकघरात गॅस पेटलेला आणि सासूबाई कणीक मळत उभ्या.

"लिबेलाले सांगतलं मी," त्या म्हणाल्या. "ते पोरगी एवढा जिना चढते, तं मले स्वयंपाकघरात याले काय झालं?"

प्रेमलतानं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. लिबेला गोष्टीतली आहे, हे ती त्या वेळी बोलली नाही. कोण बोललं असतं?

मग मार्थाबाई फाटकापर्यंत गेल्या. मग चर्चला. मग प्रयागबाईनं विचारलं, "माय वं, असं कोणतं औषध घेतलं?" मार्थाबाईंनी सांगितलं. प्रयागबाईच्या बोअरची मोटर जळली होती आणि मेकॅनिक फोन उचलत नव्हता. तिनं लिबेलाला हात जोडले, तर मेकॅनिकनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. प्रयागबाईच्या मते हा चमत्कार गुडघ्यांपेक्षा मोठा होता. तिथून पुढं लॅमिनेशन, हार आणि दर शुक्रवारी नारळ. रितिकानंही कन्फर्मेशनसाठी लिबेलाचंच नाव देऊन टाकलं.

दुपारी फादर बेनींचा परत फोन आला. या वेळी प्रेमलतानं खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे मी एका कादंबरीतल्या बाईचे आभार मानले," फादर म्हणाले.

"माझीच चूक फादर."

"रविवारी मला दुरुस्ती सांगावी लागेल. अशी कोणी संत नाही म्हणून. मार्थाबाईंना आधी घरातून कळलेलं बरं. आणि रितिकाचं दुसरं नाव आजच द्या."

रितिका अंगणात पाइपनं कूलरमध्ये पाणी भरत होती. प्रेमलता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"रितिका, ऐक. लिबेला खरी नाही."

"म्हणजे?"

"गोष्टीतली आहे. लेखिकेनं बनवली."

"तू तं म्हटली होती, सगळं खरं आहे."

"रोम खरं आहे."

"रोम खरं आहे हे मले बी माहीत आहे, मम्मी."

कूलरची टाकी भरली, पाणी प्रेमलताच्या चपलांवरून वाहत तुळशीकडं गेलं. ती तुळस प्रयागबाईची होती, भिंतीच्या फटीतून इकडं उगवलेली. नळ बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

"फादर दुसरं नाव मागून राहिले," प्रेमलता म्हणाली.

रितिकानं थोडा विचार केला. "मार्था लिहून दे मग. ती तरी खरी आहे ना?"

"आहे. बायबलमध्ये आहे."

"आपल्या घरात बी आहे." मग पाइप खाली टाकून तिनं आईकडं पाहिलं. "तू आजीला सांगशील?"

"रविवारी फादर माइकवरून सांगणार. त्याच्या आधी सांगावंच लागेल."

"ती परत भिंतीकडं तोंड करून झोपली तर?"

प्रेमलतानं वाकून नळ बंद केला. बंद झालेला नळ तिनं आणखी दोनदा आवळला.

संध्याकाळी मार्थाबाई रोझरीला जायची तयारी करत होत्या. पलंगावर बसून त्या डोक्याला तेल लावत होत्या. प्रेमलता आत आली, खुर्चीवरचे कपडे उचलून घड्या घालायला लागली. घडी घातलेला टॉवेल तिनं उलगडून परत घडी घातला.

"काय झालं ते सांग," मार्थाबाई म्हणाल्या. "टॉवेलचा जीव नको घेऊ."

"आई, रागावू नका. माझी चूक झाली. ते पुस्तक... ते कादंबरी आहे. त्यातली लिबेला..."

"गोष्टीतली आहे."

प्रेमलताचे हात थांबले.

"मले पयल्याच दिवशी समजलं," मार्थाबाई फणी साफ करत म्हणाल्या. "ते पोरगी अंधारात एकटी जिना चढते. तिच्या मनात काय काय येऊन राहिलं, कोणाची आठवण येते, कोणत्या पायरीवर वापस जावंसं वाटते, सगळं लिहिलं आहे. तिच्यासंगं तं कोणीच नव्हतं. मंग लिहिणारीले कसं माहीत पडलं? खऱ्या संतायचं असं कुठं असते वं? त्याईचं एवढंच असते, कोणत्या राजानं मारलं अन् कोणत्या तारखेले."

"मग तुम्ही तिला... गुडघ्यांचं..."

"गुडघ्यायचं नाही सांगतलं, ते चर्चच्या चिठ्ठीत लिहाले बरं दिसते म्हणून. गुडघे चांगलेच आहेत माये." त्यांनी केसांचा छोटासा अंबाडा बांधला, एक आकडा दातात धरला आणि काढून खोवला. "हे गेले तवा मी सगळ्या मोठ्यामोठ्या संतायले सांगून पायलं. अंतोनीले, योसेफले, मरियामायले तं रोजच. पण त्याईच्याकडं सारी दुनिया रांगेत. कोणाचं पोरगं बिमार, कोणाची चाबी हरवली. मी म्हातारी, मले घर सुनं सुनं वाटते, हे काय सांगाची गोष्ट आहे? मलेच लाज वाटे. अन् हे पोरगी. हिले आजपर्यंत कोणीच काही मागतलं नव्हतं. एकदम फुरसतमधी. बसे अन् आयके."

बाहेर प्रयागबाई कोणाला तरी सांगत होती की लिबेलाला लाल झेंडू नाही चालत, पिवळाच लागतो.

"फादर रविवारी सांगणार आहेत," प्रेमलता हळूच म्हणाली. "अशी कोणी संत नाही म्हणून."

"माइकवरून?"

"हो."

"झालं मंग!" मार्थाबाईंनी कपाळाला हात लावला. "आतापर्यंत ही एक गल्ली होती. त्या बेनीनं माइकवरून नाव घेतलं का अख्ख्या पॅरिशले पाठ होईन. कोणी नाही म्हटलं का लोक पयले तिथंच जातेत पाहाले. रविवारपासून गर्दीच गर्दी."

त्या उठल्या. साडीच्या निऱ्या झटकल्या, जपमाळ पर्समध्ये टाकली, चपला घातल्या आणि दारात थांबल्या.

"तुले काही मागाचं असन तं आजच मागून घे वं," त्या मागं न पाहता म्हणाल्या. "सध्या मोकळीच आहे."

त्यांच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. अंगणात रितिका आजीला थांबवून काहीतरी विचारत होती, मोहित मधेमधे बोलत होता.

प्रेमलतानं आधी खोलीचं दार लोटून घेतलं.