कृष्णनाथबाबांच्या एकोणीस चकत्या

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. पण म्हातारपण येण्याआधीच मला जुने ठरवण्यात आले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य कंपनीत झाला. गोवा राज्य होऊन सात-आठ वर्षे झाली होती, तेव्हा मी साखळी गावच्या एका दुकानात आलो. लहानशा चकतीवर मी आवाज भरून घ्यायचो आणि त्यात जराही खरखर नसायची. कंपनीचा माणूस सुधीर गिऱ्हाइकांना सांगत होता, "कंपनीने पुढच्या तीस वर्षांचा विचार केलाय. यंत्र आमचे, चकत्या आमच्या, गाणीही आमचीच. शिवाय ज्या यंत्रावर चकती भरली, त्यावरच ती वाजणार. तुमचा आवाज कोणी चोरणार नाही!"

हे ऐकून कृष्णनाथबाबांनी मला घरी आणले. ते मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवत आणि जत्रेच्या नाटकांत गात. घरात बोलणे कोकणी, गाणे मात्र मराठी. पदांच्या चाली ते स्वतः बांधत आणि कागदावर त्यातले काही उतरवत नसत.

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात तालीम असे. पंच्याची घडी घालून ते मला पेटीशेजारी ठेवत. चार वर्षांत एकोणीस चकत्या भरल्या. लोक मला पाहायला येत, आणि मी मनातून फुलून जात असे.

आपल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी त्यांनी भजनी मंडळाला देऊन टाकल्या. मंडळाने त्यांवर भजने भरली. त्यांची बायको विनोदिनी त्यांना अडवत कळवळून म्हणाली होती, "त्यो कॅसेटी दिवूं नाकात."

"अगो, हातूंत आवाज शंभर वर्सां रावतलो!" माझ्यात आवाज टिकणारच या खात्रीने ते माझ्यावर हात ठेवून हसले होते.

पुढे त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. त्यानंतर दोन वर्षे त्यांचा गळा मीच होतो. लेक क्षमा पणजीहून घरी आली की ते चकती लावत आणि तिला खुणेने जवळ बोलवत. तीही गाणारी होती. पण सुट्टी थोडी, कामे फार; शिकणे उद्यावर जाई. "फाल्यां शिकतां, बाबा," ती म्हणायची.

एका सकाळी त्यांनी चकती घातली आणि मी गप्प राहिलो. माझ्या आतले भिंग निकामी झाले होते. दुरुस्त करणाऱ्याने मान हलवली. "भाग मिळत नाही. कंपनीने हे यंत्रच बंद केलेय."

क्षमाने कंपनीला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले. ती ते इंग्रजी पत्र वडिलांना उलगडून सांगू लागली, "मनोरंजन व्यवसायाबाबतचे आमचे दीर्घकालीन धोरण बदलले आहे. यापुढे गाणी चकतीवर नव्हे, इंटरनेटवरून घराघरांत पोचतील. आपल्याला शुभेच्छा." मुंबईहून माझ्यासारखेच दुसरे यंत्र तिने मिळवून आणले. पण त्याने चकत्या घेतल्या नाहीत. त्यांना माझेच कुलूप होते.

कृष्णनाथबाबा रागावले नाहीत. "चूक म्हजी," दोष स्वतःकडे घेत ते एवढेच कुजबुजले.

"न्हय बाबा, म्हजी," क्षमा म्हणाली आणि तिने पेटी ओढून घेतली.

त्या दिवसापासून ते मांडीवर ताल धरत, हाताने सुरांची चढउतार दाखवत, आणि ती गात असे. नऊ पदे अशी कशीबशी तिच्या गळ्यात उतरली. दहाव्या पदाच्या अंतऱ्यात मात्र ती अडली.

"तशें न्हय," ते म्हणाले.

तिने दुसऱ्या तऱ्हेने म्हटले, मग तिसऱ्या. त्यांचा हात हवेत थांबला.

"म्हाकाय याद येना गो," ते म्हणाले. आपलीच चाल ते विसरले होते.

मी समोरच फळीवर होतो. ती जागा माझ्या सातव्या चकतीवर जशीच्या तशी आहे. पण मला सांगता येत नव्हते.

मित्रांनो, तुमच्या माणसांचे आवाज माझ्यासारख्या एकाच यंत्राच्या हवाली करू नका. ती माणसे गात असताना जवळ बसा. माझी काळजी कोणी घेतली नाही, याचे मला दुःख नाही. दर आठवड्याला विनोदिनी अजून मला पुसते.

त्या वर्षी जत्रेच्या तालमीत क्षमाने ते पद म्हटले. अंतऱ्याला तिने आपल्या मनची चाल घातली. मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णनाथबाबांनीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा उशिरा.