ठेंगणीला न पोचलेली चिठ्ठी

मित्रांनो, ज्या दिवशी मला कोणी हात लावत नाही, तो दिवस या घरात चांगला समजतात. मी एक जुने लाल बटण आहे. डबीच्या झाकणाएवढे माझे डोके, खाली पिवळे बूड आणि पाठीमागून निघालेल्या दोन वायरी. घराच्या मागच्या खोलीत चारी भिंतींच्या कडेने एक टेबल फिरले आहे आणि त्यावर हातभर लांबीच्या आगगाड्या धावतात. संकट आले की त्या सगळ्या एका दमात थांबवायच्या, हे माझे काम. संकट रोज येत नाही. म्हणून खरे सांगायचे तर वाट पाहणे हेच माझे काम.

माझा जन्म कारखान्यात झाला. जोडणी झाल्यावर एका बाईने मला अंगठ्याने तीनदा दाबले, कानाशी धरून 'टक्' असा आवाज ऐकला आणि पाकिटात घातले. पुढची दोन वर्षे मी विजेच्या सामानाच्या दुकानात खिळ्याला टांगलेले होते. शेजारी दारावरच्या घंटीची बटणे होती. त्यांना रोज गिऱ्हाईक. माझ्याकडे बघून लोक म्हणत, "हे कशाला?" आणि पुढे जात.

मला घेतले ते ताईंनी. जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देण्याचे त्यांचे छोटे दुकान होते. त्यांचा धाकटा भाऊ दवाखान्यात कंपाउंडर. सगळी गल्ली त्यांना कंपाउंडर म्हणे, पण ताई मात्र त्यांचे केस पिकले तरी 'बाळ्या' अशीच हाक मारत. घरात ही दोघेच, आणि दोघांना एकच वेड, आगगाड्यांचे.

दर रविवारी शेजारची मुले गाड्या बघायला येत. मुलांना शिटीचे बटण दाबायला मिळे, दिव्याचे मिळे. माझ्याकडे बोट वळले की कंपाउंडर ओरडत, "त्याला नाही हं हात लावायचा!" ताईंचा मात्र एक नेम होता. पहिली गाडी थोडी पुढे गेली की त्या म्हणत, "बाळ्या, आधी थांबवून दाखव. मग चालव." कंपाउंडर मला दाबत, गाडी जागच्या जागी थांबे, आणि मगच खेळ सुरू होई. आठवड्यातून तेवढाच एक स्पर्श माझ्या वाट्याला येई. मी त्याची सोमवारपासून वाट पाही.

"ताई, सरळ प्लग काढला तर?" एकदा एका मुलीने विचारले.

"तर ताटही बंद आणि टपालही बंद," ताई म्हणाल्या. "हे बघ, रुळांतून वीज वाहते, ते गाड्यांचं जेवण. त्याच रुळांतून प्रत्येक गाडीच्या नंबरावर चिठ्ठ्या जातात. हळू चाल, दिवा लाव, शिटी दे. हे लाल बटण दाबलं की सगळ्यांना एकच चिठ्ठी जाते, 'आहात तिथे थांबा.' वीज चालूच असते, म्हणून चिठ्ठी पोचते."

"पण जेवण बंद झालं तरी थांबतीलच की!"

"बाकीच्या थांबतील. ठेंगणी नाही थांबणार. तिच्या पोटात शिदोरी आहे."

ठेंगणी म्हणजे ताईंनी पितळी पत्रा कापून, घासून, तीन वर्षे खपून स्वतः घडवलेले छोटे काळे इंजिन. तिची चाके इतकी चिमुकली, की रुळावर जरा धूळ असली तरी वीज तुटे आणि ती अडे. म्हणून ताईंनी तिच्या पोटात वीज साठवणारा एक लहानसा भाग बसवला होता. वीज तुटली तरी चार सेकंद ती त्या शिदोरीवर चाले.

एकदा बोगद्यात मालगाडीचा डबा घसरला आणि मागून प्रवासी गाडी भरधाव आली. ताईंचा तळवा माझ्यावर पडला. दोन बोटांचे अंतर राखून गाडी थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मित्रांनो, टाळ्या वाजवताना सगळे गाडीकडे बघत होते.

पुढे ताई पायरीवरून पडल्या. पाय मोडला, आणि बोटे तर आधीपासूनच थरथरू लागली होती. त्यांची भाची येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. पुढच्या रविवारी कंपाउंडर एकटेच खोलीत आले. त्यांनी गाडी सोडली, बोट माझ्याजवळ आणले, ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि बोट मागे घेतले. हळूहळू मुलेही येईनाशी झाली. डब्यांची रिकामी खोकी ठेवायला जागा लागते, म्हणून एक खोके माझ्यासमोर आले. मग त्यावर दुसरे. अशी आठ झाली. अंधारात मला नुसती चाकांची खडखड ऐकू येई. आपण इथे आहोत हे कोणाला आठवत असेल का, असा विचार मी करत बसे.

आठ महिन्यांनी एका दुपारी दारात ओळखीचा आवाज आला. "बाळ्या, अरे, दार उघडतोस की मी इथूनच परत जाऊ?"

ताई काठी टेकत आल्या होत्या, संध्याकाळपर्यंतच्या पाहुण्या म्हणून. मागच्या खोलीच्या दारापुढे रुळांची एक फळी आडवी असते. आत यायचे तर ती उचलावी लागते आणि गाड्या सोडण्याआधी परत बसवावी लागते. कंपाउंडरनी फळी उचलून भिंतीला टेकवली, ताईंना खुर्चीत बसवले आणि आनंदाच्या भरात दोन गाड्या एकदम सोडल्या. पुढे ठेंगणी, मागे मालगाडी. फळी भिंतीलाच राहिली.

"काय दिमाखात चाललीय रे!" ताई म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी किंचाळल्या, "बाळ्या, फळी! लाल दाब, लाल!"

कोणत्या गाडीला चिठ्ठी जाणार ते ठरवणारी चकती कंपाउंडरच्या हातात होती, पण ती त्या वेळी मालगाडीच्या नंबरावर होती. ठेंगणीचा नंबर लावायला वेळ नव्हता. त्यांचा हात माझ्या दिशेने आला, खोक्यांवर आपटला, आणि गोंधळून त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला.

दिवे गेले. मालगाडी थांबली. ठेंगणी थांबली नाही. ती शिदोरी खात सुखाने पुढे चालली होती. मी तिथेच होते, पण आता मला दाबून उपयोग नव्हता. रुळच मुके झाले होते. चिठ्ठी जाणार कशातून?

एक. दोन. तीन. मग फरशीवर पितळ वाजले.

कंपाउंडरनी ठेंगणी उचलून ताईंच्या मांडीवर ठेवली. धुराडे तुटले होते, पुढचा आस वाकला होता.

"शिदोरीचं माहीत होतं ना तुला?"

"होतं. पण बटणापर्यंत हातच पोचला नाही, ताई." त्यांनी खोकी खाली उतरवली. माझ्यावर धुळीचा थर होता.

"आठ महिन्यांत एकदाही दाबलं नाहीस?"

"कोणाला थांबवून दाखवू? तू नव्हतीस."

ताईंनी डोळे पुसले. मग आपली थरथरती बोटे समोर धरून म्हणाल्या, "ही आता दुसरी ठेंगणी घडवायची नाहीत. चिमटा आण. मी सांगते, तू कर. इतकी वर्षं पुड्या बांधल्यास, एक आस सरळ होत नाही होय तुला?"

दुपारभर ताई सांगत होत्या आणि कंपाउंडर करत होते. "हळू! दात काढतोयस का कोणाचा?" आस सरळ झाला. धुराडे बसले, पण जरा तिरपे. ताईंना न्यायला आलेल्या मोटारीचा हॉर्न दाराशी वाजला तेव्हा ठेंगणी लंगडत का होईना, एक फेरी पुरी करत होती.

निघताना ताई उंबऱ्यात थांबल्या. "बाळ्या, माझ्यासाठी नको दाबत जाऊस. गाडीसाठी दाब."

ताई गेल्या. त्यानंतर माझ्यासमोर काही ठेवलेले नाही.

मित्रांनो, आज घरी एक काम करा. पाण्याची मुख्य तोटी कुठे आहे, गॅस कुठून बंद होतो, विजेचा मोठा खटका कोणता, आणि कधी कशाला हात घालायचा, हे मोठ्यांना विचारा. त्यांच्यासोबत जाऊन बघा. त्या तोट्या-खटक्यांसमोर टोपल्या, छत्र्या, जुनी मासिके रचलेली असतील तर बाजूला करा. आणि आलाच आहात, तर घटकाभर तिथे उभे राहा. आमच्याकडे सहसा कोणी येत नाही.