हिरव्या कडेचं पत्रक

"फाडू नकोस गं," झ्लातका म्हणाली. "फाडायचं नसतं ते."

माझा हात तिच्या दारापाशीच थबकला. दारावर निधनपत्रक चिकटवलेलं होतं. फोटो झ्लातकाचा, नाव झ्लातकाचं, आणि झ्लातका माझ्या शेजारी सपाता घालून उभी, हातात पावाची पिशवी.

आमच्या गावात माणूस गेलं की त्याचं पत्रक दारावर, खांबावर, झाडावर लागतं आणि ते कुणी काढत नाही. ऊनपाऊस नेतील तेव्हा नेतील. बल्गेरियात सगळीकडे हेच. एकतीस वर्षं आमच्याकडची पत्रकं झ्लातकाच छापते, इस्पितळासमोरच्या तिच्या दुकानात. ख्रिश्चनांना काळी कड, मुसलमानांना हिरवी. झ्लातका ख्रिश्चन, पण तिच्या स्वतःच्या पत्रकाला हिरवी लावली होती.

"कड वाकडी गेलीय," ती चष्मा सावरत म्हणाली. "जन्मतारीख मात्र बरोबर आहे हं." थट्टा करत होती, पण दाराला हात लावत नव्हती.

कारण काय, तर चार ओळी. बंद पडलेल्या बालवाडीत तीन सीरियन निर्वासित कुटुंबांना ठेवणार, यावरून फेसबुकवर गावाच्या ग्रुपमध्ये रणकंदन माजलं होतं. झ्लातकाने तिथे पहिल्यांदाच तोंड उघडलं. 'माझा मुलगा मित्को जर्मनीत भांडी घासतो. तिथे तोही परकाच. पहिल्या हिवाळ्यात एका बाईने खोली दिली म्हणून तगला. आपली बालवाडी तशीही रिकामीच आहे.'

झालं. बालवाडी राहिली बाजूला आणि सगळे झ्लातकावर तुटून पडले. 'म्हातारे, तूच ने की त्यांना घरी!' 'हिचा नवरा का पळाला ते आता कळलं.' 'पोरगा भांडी घासतो, आई त्यांचे पाय घासेल.' लिहिणारे कोण? ज्यांच्या आईबापांची पत्रकं तिने छापली, तेच. मी एक अक्षर लिहिलं नाही. मी शहाणी ना!

पत्रकातल्या फोटोत तिच्या खांद्याशी निळ्या बाहीचा तुकडा राहून गेला होता. ती बाही माझी. आमच्या मुलीच्या, येवाच्या लग्नात झ्लातका तिची धर्मआई म्हणून शेजारी उभी होती, तेव्हाचा तो फोटो. तो दोनच घरांत होता, तिच्या आणि माझ्या.

घरी आले तर माझा नवरा स्तोइल टोमॅटो चिरत बसला होता.

"फोटो तू दिलास?"

"अगं, गंमत केली मंडळींनी. एवढं काय? त्या चार ओळी काढून टाक म्हणावं तिला. मग मी स्वतः जाऊन कागद खरवडतो."

"आपली येवाही स्पेनमध्ये परकीच आहे, स्तोइल."

"येवा राबते. तिची गोष्ट वेगळी." त्याने मान वर केली नाही. "आणि तिच्याकडे फार जाऊ नकोस, नेदका. कोण कुणाकडे जातं ते लोक बघतात."

आमच्या घरच्या प्रिंटरमध्ये हिरव्या कडेचे वीसेक कागद होते. फोटोची जागा कोरी, नावाची जागा कोरी. मी झाकण लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. भ्याले मी, खरं सांगते.

मग झ्लातकाच्या 'मरणा'चे दिवस मोजणं सुरू झालं. ग्रुपमध्ये रोज कुणीतरी आकडा टाकायचं. 'आज नववा.' 'आज एकविसावा.' 'चाळिसाव्याला काय देणार, आजी?' खाली हसरे चेहरे. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. लोक आपली पत्रकं शेजारच्या गावातून छापून आणू लागले. एका सकाळी दुकानाच्या काचेवर कुणी हिरवा रंग फासला. तिने तो पुसला नाही, दिवा मात्र दिवसाही लावायला लागली.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आमच्यात उकडलेले गहू वाटतात, वर पिठीसाखर भुरभुरून. घेणाऱ्याने 'देव क्षमा करो' म्हणायचं, मृतासाठी. चाळिसाव्या दिवशी दहा वाजता झ्लातका दुकानाच्या दारात टेबल मांडून उभी राहिली. काळा झगा, केस नीट विंचरलेले, समोर गव्हाचं पातेलं आणि कागदी पेले.

लोक पलीकडच्या फुटपाथवरून जात होते. दोघं मोबाइल वर धरून तिचं चित्रण करत होते, त्यातला एक स्तोइल. मी रस्ता ओलांडला. माझ्या पाठीवर सगळ्यांचे डोळे मला जाणवत होते.

"काढ ना गं त्या ओळी," मी हळूच म्हणाले. "हे इथे थांबणार नाही. मला माहीत आहे."

"तुला माहीत असणारच." तिने पेला भरला, वर साखर घातली. "काढणार नाही. मी काय खोटं लिहिलंय?" पेला माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "फोटो चांगला दिला हो स्तोइलने. येवाच्या लग्नातला. तू काय सुरेख दिसत होतीस त्या निळ्या झग्यात."

मला सगळं सांगायचं होतं. प्रिंटरमधले कोरे कागद, माझं गप्प बसणं, सगळं. पण हातात गहू आले आणि आयुष्यभराची सवय तोंडात आली.

"देव क्षमा करो," मी म्हणाले.

झ्लातकाने मान लववली, घरचं माणूस गेलेल्याने लववावी तशी, आणि पुढचा पेला भरायला घेतला.